कुंदनच्या खांद्यावरून

कुंदन शालिग्राम नारखेडे दिसायला कसा आहे, असं मला कोणी एकदम विचारलं तर क्षणभर आठवावं लागतं. टाळू मात्र केव्हाही विचारा. टाळूवर दोन भोवरे आहेत, त्यातल्या उजव्या भोवऱ्याजवळ आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या झोक्यावरून पडल्याची जुनी खूण आहे, आणि तेल तो फक्त पुढच्या केसांना लावतो, मागचे तसेच. दोन भोवरेवाल्याची दोन लग्नं होतात म्हणतात. आमच्याकडे हल्ली शेती करणाऱ्या घरातल्या मुलाचं एक जमायची मारामार, तेव्हा तुझा दुसरा भोवरा वाया गेला, असं मी त्याला चिडवायचे. तो हसायचा. हसलेला मला दिसायचा नाही, तळपायांना कळायचा. मी त्याच्या खांद्यांवर उभी असायचे आणि खांदे हलायचे.

मी डिंपल. जळगावला फुले मार्केटात वडिलांचं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. कॉलेजच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये मी सगळ्यांत हलकी, माझ्या कलागुणांची यादी इथेच संपते. कुंदन सगळ्यांत दणकट. असोद्याचा, केळीवाल्यांचा मुलगा. त्याला कोणी नाटकात बोलावलं नव्हतं. गॅदरिंगच्या वेळी स्टेजचं एक जड लेव्हल, म्हणजे लाकडी चौथरा, चार जण ओढत होते, हा तिकडून चालला होता, त्याने ते एकट्याने उचलून जागेवर ठेवलं आणि चपला घालून निघाला. पुण्याहून आलेल्या निनादसरांनी त्याला तिथेच थांबवलं. त्यांना वाटलं, आपल्याला नट सापडला. नट काय, त्यांना जॅक सापडला होता.

निनादसर आमचं नाटक बसवायला आले होते. नाटक म्हणजे लिहिलेलं नाही. त्याला फिजिकल थिएटर म्हणतात. शब्द नाहीत, सेट नाही, संहिता नाही. सगळ्यांनी मिळून शरीरातून नाटक काढायचं. विहीर खणतात तसं रोज खणायचं, पाणी लागेल तेव्हा लागेल, असं सर म्हणायचे. आमच्याकडे विहिरींचं काय होतं हे सरांना कोणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात त्यांनी आम्हाला जमिनीवर झोपवलं आणि म्हणाले, "डोळे मिटा. शरीर काय सांगतंय ते ऐका."

मग शिरपूरकडचा ईश्वर म्हणाला, "सर, मनं बठ्ठं आंग दुखी राह्यनं."

कुंदनचं शरीर त्याला काही सांगत नव्हतं. तो झोपला होता.

दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या घरातली एक हालचाल आणायची होती. मी वडिलांची आणली, मोबाइलवर काच बसवतानाची: श्वास रोखायचा, काच सोडायची आणि बुडबुडा दिसला की गिऱ्हाइकाकडे बघून हसायचं. ईश्वरने मोहाची फुलं वेचण्याची आणली. ज्योत्स्ना रोज बसने ये-जा करायची, तिने भरलेल्या एसटीत एका पायावर उभं राहणं आणलं. कुंदनने केळीचा घड आणला. उकिडवं बसायचं, दुसऱ्याने घड खांद्यावर ठेवायचा, आणि गुडघ्यांतून सरळ उठायचं. त्याने नसलेला घड उचलला आणि उभा राहिला.

सर म्हणाले, "छान आहे, पण फार थेट आहे. मला घड नको, घडाच्या आतला भार दाखव."

कुंदनने विचार केला. मग तेच त्याने हळू केलं.

"आता आलं," सर म्हणाले.

नाटक आधी पाण्यावर होणार होतं, मग मोबाइलवर, मग चार दिवस ते केळीवरही होतं. शेवटी भिंतीवर स्थिरावलं. गोष्ट अशी: एक मुलगी आहे, तिला भिंतीपलीकडे बघायचंय. लोकच भिंत होतात. ती त्याच लोकांच्या मांड्यांवर, पाठींवर पाय देत चढते आणि शेवटी सगळ्यांत खालच्या दगडाच्या खांद्यांवर उभी राहते. तो दगड तिला घेऊन उठतो, सावकाश वळतो, आणि ती पलीकडे बघते. पलीकडे काय आहे ते प्रेक्षकांनी ठरवायचं. तालमीत मला पलीकडे कॉलेजच्या संडासावरची टाकी दिसायची.

मुलगी मी. दगड कुंदन. सुरुवातीपासून तो प्रेक्षकांकडे पाठ करून बसलेला, चेहरा दिसायचा तो शेवटी वळल्यावर. वळल्यावर काही करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं, दोन्ही हातांनी माझे घोटे धरून, आणि हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

सगळ्यांत मोठी अडचण भाराची नव्हती, पायांची होती. माणसाला पाय लागला की त्याला हात लावून नमस्कार करायचा, हे आमच्या अंगात इतकं मुरलेलं की मी कोणाच्या मांडीवर पाय दिला की वाकून त्याला हात लावायचे आणि छातीशी न्यायचे. वर पोचेपर्यंत माझे पाच नमस्कार व्हायचे. सर कपाळाला हात लावून बसायचे. "ती भिंत आहे, डिंपल. भिंतीला कोणी नमस्कार करतं का?" यावर उपाय कुंदनने काढला. म्हणाला, "ताई, आधीच करून घ्या, सगळ्यांचे एकदम." तेव्हापासून तालमीआधी मी रांगेने सगळ्यांना नमस्कार करायचे आणि मग हिशेब चुकता झाल्यासारखी बिनधास्त चढायचे.

ताई तो मला पहिल्या दिवसापासून म्हणायचा. मी त्याच्याहून वर्षाने लहान. पण मुलगी खांद्यावर उभी राहणार म्हटल्यावर त्याने नातं आधी पक्कं करून टाकलं.

एकदा तालीम संपल्यावर मी त्याला विचारलं, "घरी घड उचलतोस, इथे मला उचलतोस. यात तुला वेगळं काय मिळतं रे?"

तो समोसा खात होता. समोसा संपेपर्यंत थांबला.

"घड घाबरत नाही, ताई," तो म्हणाला. "तुम्ही घाबरता. चढल्या चढल्या तुमचे पाय गार असतात. मी हललो नाही, की हळूहळू गरम होतात. ते मला खांद्याला कळतं. घरी मी हललो काय, न हललो काय, कोणाला काही फरक पडत नाही."

बोलायचं म्हणून मी म्हणाले, "तोंड पूस, चटणी लागलीय."

मग स्पर्धा ठरली. धुळ्याला, एका संस्थेची आंतरमहाविद्यालयीन. आणि त्याच सुमाराला कुंदनच्या वडिलांचा, शालिग्रामआबांचा फोन आला. पोरगं रविवारीही घरी येत नाही आणि बागेत माणूस मिळत नाही, तेव्हा हे नाटक म्हणजे आहे तरी काय, असं त्यांचं म्हणणं. कुंदनने तो फोन आम्हाला जसाच्या तसा सांगितला.

"नाटकात तू काय हाये?" आबांनी विचारलं होतं.

"भिंत."

"भिंत?"

"म्हणजे भिंतीतला दगड. खालचा."

आबा मग म्हणाले, "दगड व्हाले जयगावले जा लागते का?"

आम्ही सगळे पोट धरून हसलो. कुंदन हसला नाही. आबा पुढेही बोलले होते. "आम्ही धुय्याले येतो. पाहतो. तुह्यावाचून नाटक अडत असन तं कर खुशाल. नही तं दुसऱ्या दिवशी बागात ये, अन् परीक्षेपुरता कॉलेजात जाय."

शालिग्रामआबा बोलतात कमी आणि बोललेलं फिरवत नाहीत, हे कुंदनने वेगळं सांगितलं नाही. तो त्यांचाच मुलगा आहे, ते दिसत होतंच. पण त्या दिवसापासून तालमीत त्याचे खांदे दगडासारखे झाले, खरोखरच्या. सर खूश होते. मी नव्हते.

आता असोद्याची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं खोटं वाटेल. आपलं माणूस स्टेजवर असलं, मग ते कीर्तनात टाळ धरून असो की लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गात असो, त्याचा सत्कार मध्येच करायचा. कार्यक्रम संपल्यावर नाही. संपल्यावर काय, कोणीही करतं. ऐन रंगात चार मोठी माणसं उठतात, स्टेजवर जातात, टोपी घालतात, हार घालतात, नारळ देतात, आणि ज्याचा सत्कार झाला तो वाकून पाया पडतो. त्याशिवाय तो कार्यक्रम त्या माणसाचा होतच नाही. लोक बसून राहिले तर समजायचं, याला गावात किंमत नाही. ही रीत कुंदनला पाठ होती. पण स्पर्धेत, परीक्षकांसमोर, असं कोणी करेल हे त्याच्या मनात आलं नाही. आणि स्पर्धेत हे करत नाहीत, हे गावाच्या मनात आलं नाही.

धुळ्याच्या हॉलवर आम्ही एसटीने पोचलो, तर असोदा आधीच पोचलेलं. ज्या पिकअपमधून केळी जातात तिच्यातूनच सगळे आले होते. पुढे आबा आणि त्यांचे चुलतभाऊ चुडामणनाना, मागे बाकीचे. कुंदनची आई इंदिराबाई भरिताचा भलामोठा डबा मांडीवर घेऊन बसली होती. नानांच्या हातात पिशवी होती. पिशवीत काय आहे हे मी बघायला हवं होतं, पण मी तेव्हा नमस्कारांच्या रांगेत गुंतले होते.

नाटक सुरू झालं. आम्ही सगळे शिरलो तेव्हा दुसऱ्या रांगेतून "आला, आला" असं ऐकू आलं आणि टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या परीक्षकांनी मागे वळून बघितलं. मग कुंदन पाठ करून बसला आणि असोद्याला तो दिसेनासा झाला.

"कुठी गेला?" नानांचा आवाज.

"तो खालचा," आबा म्हणाले. पाठीवरून ओळखलं त्यांनी.

"तोंड काहून नही दाखवत?"

"दाखवीन. बस तू."

मी चढले. ईश्वरची मांडी, ज्योत्स्नाची पाठ, मग कुंदनचे खांदे. तो उठला. त्या दिवशी इतका सावकाश उठला की वर मला नुसतं छत जवळ आल्यासारखं वाटलं. मग वळला. हॉलमध्ये शांतता झाली, सरांना हवी होती अगदी तशी. माझी नजर पलीकडे होती. आणि त्या शांततेत खुर्च्या सरकल्याचा आवाज आला.

कुंदनचं तोंड दिसलं होतं. म्हणजे ती वेळ आली होती.

डाव्या बाजूच्या पायऱ्यांवरून शालिग्रामआबा आणि चुडामणनाना स्टेजवर आले. चपला पायरीशी काढून आले. नानांनी माईक शोधला, तो नव्हता, तेव्हा त्यांनी विहिरीवरून हाक मारावी तशा आवाजात सांगितलं, "असोदे ग्रामस्थांच्या तर्फे, आमचे पुतणे कुंदन यांचा सत्कार." विंगेत निनादसर दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभे असलेले मला दिसले. वरून सगळंच दिसतं.

आबांनी नानांच्या पिशवीतून टोपी काढून कुंदनच्या डोक्यावर ठेवली. दोन्ही भोवरे झाकले गेले. मग हार घेतला. हार गळ्यात जाईना, कारण गळ्याच्या दोन्ही बाजूंना माझे पाय. आबांनी वर माझ्याकडे बघितलं आणि एसटीत जागा मागावी इतक्या सहज म्हणाले, "बाई, पाय जरासाक."

काय करायचं होतं मी? नाटकात मी मुकी होते. मी डावा पाय उचलला. क्षणभर नुसत्या उजव्या पायावर, एवढ्या उंचीवर, खाली धुळ्याच्या हॉलची फरशी. कुंदन हलला नाही. त्याने फक्त भार उजव्या बाजूला घेतला, तो मला कळला, बाकी कोणाला कळला नसेल. हार गेला. मी पाय टेकवला तो झेंडूवर.

आता नारळ. कुंदनचे दोन्ही हात माझ्या घोट्यांना. नारळ देणार कुठे? आबा नारळ पुढे धरून उभे राहिले. आणि आता कुंदनने वाकायचं होतं. सगळ्या असोद्याला ते माहीत होतं. स्टेजवर वडील उभे, काका उभे, टोपी घातली, हार घातला, आता वाकायचं. तो वाकला असता तर मी तोंडावर पडले असते. नाही वाकला तर अख्ख्या गावासमोर, आपल्या हाताने सत्कार करणाऱ्या बापाचा मान त्याने ठेवला नाही, असं झालं असतं. आणि बागेतली कुदळ तर आधीच ठरलेली.

"पाया पड," नाना हळू म्हणाले. त्यांचं हळू तिसऱ्या रांगेपर्यंत गेलं.

कुंदन सरळ उभा राहिला. तीन महिन्यांत त्याचे खांदे हसताना सोडले तर कधी हलले नव्हते, ते तेव्हा थरथरायला लागले. भाराने नाही. मी माझे पाय त्याच्या खांद्यांवर घट्ट रोवले. माझ्याकडून एवढंच करता येण्यासारखं होतं. मला रडू येत होतं आणि पलीकडे बघायचं म्हणून मी पलीकडे बघत होते.

आबा थांबले. त्यांनी मुलाच्या तोंडाकडे बघितलं, मग त्याच्या गुडघ्यांकडे, मग माझ्याकडे, परत गुडघ्यांकडे. नारळ काही टाकून देता येत नाही. तो ठेवावाच लागतो, दोन्ही हातांनी, नीट. शालिग्रामआबा खाली वाकले आणि त्यांनी नारळ कुंदनच्या पायांशी ठेवला. कपाळ मुलाच्या पावलांपासून वीतभर लांब होतं. मग ते उठले, नानांना हाताला धरून पायऱ्या उतरले, चपला घातल्या आणि जागेवर जाऊन बसले.

प्रकाश विझला. टाळ्या थांबेनात. अंधारात मी उतरले तर कुंदन तसाच उभा, टोपी-हारासकट, नारळाच्या मागे.

निकालाच्या वेळी परीक्षकांनी आमचं इतकं कौतुक केलं की ऐकवेना. बाप मुलापुढे वाकतो तो क्षण म्हणजे नाटकाचा कळस. त्या ज्येष्ठ नटाचा संयमित अभिनय. गावाच्या रूढीचा केलेला धाडसी वापर. कोणी तरी विचारलं, "हा प्रसंग सुचला कसा?"

निनादसरांनी तेव्हा गप्प बसायला हवं होतं. पण कौतुक समोर वाढून ठेवलेलं, आणि माणूस पुण्याहून उपाशी आलेला. सर म्हणाले, "तो आमच्या प्रक्रियेतूनच आला. ही त्यांच्या मातीतली माणसं आहेत."

"म्हणजे ते दोघे तुमचे कलाकार?"

"अर्थात."

परीक्षकांनी नियम काढला. कलाकार कॉलेजचे विद्यार्थी हवेत. त्या दोन विद्यार्थ्यांची वयं साठीच्या पुढची दिसत होती. बाहेरचे नट घेतले म्हणून आम्ही बाद. मग सर सांगायला लागले की नाही हो, ते खरोखरच आपणहून चढले, आम्हाला काही कल्पना नव्हती. पण आता कोण विश्वास ठेवणार? एक परीक्षक हसून म्हणाले, "इतकं टायमिंग आपोआप जमत नसतं, सर." सगळं मुसळ केरात.

आम्ही बाहेर आलो तेव्हा पिकअपजवळ असोदा भरीत-पुरी खात होतं. इंदिराबाईंनी मला आधी बोलावलं. माझ्या हातात पुरी ठेवली आणि खाली बघत विचारलं, "पोरी, पाय कसे हायेत तुहे? मुरगयले नही ना?" चुडामणनाना तोंड फिरवून बसले होते. "मान्साले नारय भुईवर ठेवा लागला," ते कोणाकडेही न बघता म्हणाले. "पोराची कंबर वाकत नही."

कुंदन आला. टोपी अजून डोक्यावर होती, हार हातात होता, त्यातली निम्मी फुलं माझ्या पायाने चेंगरलेली. तो आबांसमोर उभा राहिला, आणि मला वाटलं, आता हा माफी मागणार, आणि मी चिडणार. पण तो वाकायला लागला.

आबांनी त्याला हाताने अडवलं. त्याच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला, मग डाव्या. झेंडूची एक पाकळी चिकटली होती ती काढली.

"आता वर कोनी नही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही, आबा."

"मंग वाक."

कुंदन वाकला. पुरता वाकला, टोपी खाली पडेपर्यंत. नानांनीच ती उचलली, झटकली आणि परत त्याच्या डोक्यावर ठेवली.

आबांनी हात धुतले. धोतराला पुसले. मग म्हणाले, "नंबर आला का तुमचा?"

"बाद झालो," कुंदन म्हणाला.

"काहून?"

कुंदनने माझ्याकडे बघितलं. मी पुरीकडे बघितलं. शेवटी तोच म्हणाला, "तुम्ही कॉलेजात नाही, म्हणून."

शालिग्रामआबांनी यावर बराच विचार केला. पिकअपचा मागचा फाळका लावला, कडी घातली, ओढून बघितली. नाना पुढे जाऊन बसले, इंदिराबाईंनी रिकामा डबा कापडात बांधला. आबा आपल्या जागेवर चढले आणि दार लावायच्या आधी कुंदनला म्हणाले, "मंग पुढच्या टाइमाले आम्ही खालीच बसतो."